वर, पाच माणसं

विठोबानं घंटेची दोरी तीनदा ओढली. तीन म्हणजे आत माणसं आहेत, वर घे. खाणीतून माणसं वर नेणाऱ्या पिंजऱ्यात चौघं उभे होते. पाळी संपली होती, जेवणाचे डबे रिकामे झाले होते. चौघांतला सगळ्यात लहान बाळू, विठोबाचा धाकटा मेहुणा, जाळीतून म्हणाला, "दाजी, आज जेवायला तुमच्याकडं. लवकर या." पिंजरा वर जायला हवा होता. तो खाली गेला.

खाली पाण्याचा हौद होता. खाणीत झिरपलेलं पाणी सगळ्यात तळाला साठवतात आणि पंपानं काढतात, तो. विठोबानं दोरी एकदा ओढली. एक म्हणजे थांब. पिंजरा थांबला, पण तोवर पाण्याच्या वर नुसता दोर दिसत होता. मग त्यानं पुन्हा तीन ओढले. पिंजरा वर यायला किती वेळ लागला ते त्यानं कधी सांगितलं नाही. आला तेव्हा चौघंही आत होते. जाळीची कडी बाहेरून लावायची असते. ती विठोबानंच लावली होती.

हे मी पाहिलेलं नाही. तेव्हा मी इथं बेंगळूरला, यशवंतपुरात, लोकांच्या पोळ्या लाटत होते. विठोबा आमच्या शेजारी राहायला आला तो यानंतर. ही गोष्ट त्यानं मला एकदाच सांगितली, ओट्यावर बसून लसूण सोलता सोलता. शेवटी म्हणाला, "अक्का, मी तीन ओढले."

मी म्हटलं, "बरं."

"बरं नको म्हणू. तीन म्हण."

"तीन," मी म्हटलं. मग त्यानं पुढची पाकळी घेतली.

विठोबा निपाणीकडचा. तरुणपणी चित्रदुर्गाच्या पलीकडं तांब्याच्या खाणीत कामाला गेला. तिथंच खाणीत काम करणारं एक मराठी घर होतं, त्या घरातली सरसक्का त्याला दिली. सरसक्काला दोन भाऊ. थोरला शंकर वर इंजिनघरात असायचा. पिंजरा वर-खाली करणारं इंजिन तो चालवायचा. धाकटा बाळू खाली काम करायचा. विठोबा तळाच्या मजल्यावर दोरी सांभाळायचा. तो खाली दोरी ओढणार, वर हातोडी पत्र्यावर पडणार, शंकर टोल मोजणार आणि तसं इंजिन हलवणार. एकाच घरातली तीन माणसं एका दोरावर होती म्हणा ना.

चौकशी झाली. शंकर म्हणाला, मला दोन ऐकू आले. दोन म्हणजे खाली घे. विठोबा म्हणाला, मी तीन ओढले. साहेबांनी सगळ्यांसमोर ती दोरी दहा वेळा ओढायला लावली. दहाही वेळा टोल बरोबर पडले. मग दोघांतला एक खोटं बोलतोय असं ठरलं, आणि ज्याच्या हातात दोरी होती तो विठोबा, म्हणून तो खोटा. त्याला काढून टाकला. शंकर बाहेर आल्यावर सगळ्यांदेखत त्याला म्हणाला, "माझ्या भावाला माझ्या हातानं बुडवायला लावलंस." विठोबा घरी येऊन बायकोला म्हणाला, "सामान बांध. त्या दारात आता मी पाय ठेवणार नाही, आणि तू ठेवलास तर माझ्या दारात ठेवायचा नाही."

हा त्याचा दोष. तो गेला म्हणून मी तो झाकणार नाही. बाईचा एक भाऊ मेला होता, उरलेला यानं तोडला.

बेंगळूरला त्याला काम मिळालं ते लिफ्टवाल्याचं. मी त्याला म्हटलंही, "देवाला दुसरं काही सुचलं नाही का तुझ्यासाठी?" तो म्हणाला, "मला येतं ते हेच." मार्केटजवळ व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांची पाच मजली इमारत होती, तिथली जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट. तिच्यात त्यानं तीस वर्षं काढली आणि पहिल्या दिवसापासून स्वतःचा एक कायदा चालवला. माणसं आत आली की दार ओढण्याआधी मोठ्यानं म्हणायचा, "वर, पाच माणसं. सरी?" आतल्या सगळ्यांनी "सरी", म्हणजे कन्नडात ठीक, असं म्हणायचं. एकानं जरी म्हटलं नाही तरी लिफ्ट हलत नसे. तो रागावत नसे, समजावत नसे. नुसता उभा राहायचा.

एक डाळीचा मोठा व्यापारी होता. त्याला हा प्रकार आवडेना. एकदा तो आत शिरला आणि तोंड मिटून उभा राहिला. विठोबा म्हणाला, "वर, चार माणसं. सरी?" तिघांनी सरी म्हटलं. व्यापारी छताकडं बघत राहिला. विठोबाही छताकडं बघत राहिला. शेवटी बाकीचे तिघं जिन्यानं गेले. मग विठोबा म्हणाला, "वर, एक माणूस. सरी?" व्यापारी तणतणत इमारतीच्या मालकाकडं गेला. मालक आला, लिफ्टमध्ये शिरला, आता तंबी देणार म्हणून सगळे जमले. विठोबानं विचारलं, "वर, एक माणूस. सरी?" मालकानं त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "सरी." दार लागलं. तक्रार तिथंच संपली. व्यापारी मात्र शेवटपर्यंत जिना चढला, आणि त्याची साखर त्यानं आटोक्यात आली असं त्याची बायकोच सांगायची.

घरीही तो तसाच. आमच्या दोन घरांत एकच भिंत. माझ्या कुकरच्या शिट्ट्या तो तिकडून मोजायचा. मी गॅस बंद केला की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "अक्का, दोनच झाल्या. तिसरी फुसकी होती." आणि खरंच डाळ कच्ची निघायची. त्याला कान होते, हे मी मान्य करते. एकदा मी म्हटलं, "कुकरची शिट्टी फुसकी निघू शकते, मग तुझा टोल का नाही निघणार?"

तो इतका चिडलेला मी कधी पाहिला नव्हता. "तो कुकर नाही, अक्का. लोखंडावर लोखंड पडतं. ते खोटं बोलत नाही. माणूस बोलतो."

चौथी शिकलेली बाई मी, लोखंडातलं मला काय कळतं?

पुढं इमारतीत नवी लिफ्ट आली, बटणांची, बोलणारी. विठोबाला घरी बसवलं. निरोपाच्या दिवशी त्याला शाल दिली आणि पहिल्या फेरीला त्यालाच आत उभं केलं. लिफ्टमधली बाई इंग्रजीत बोलली, दार बंद होतंय म्हणून. विठोबा म्हणाला, "सरी." मग बाहेर येऊन मला सांगतो, "विचारते ती. पण उत्तराला थांबत नाही. ही कोणाला तरी घेऊन बुडणार." ती लिफ्ट अजून चांगली चालते. सगळं त्याचं खरं होत नसे.

आता भाऊबीज. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, हे आपल्यात आहेच. जिवंत भाऊ असताना चंद्राला ओवाळणारी बाई मी सरसक्काच पाहिली. दिवाळीत संध्याकाळी ती ताट घेऊन गच्चीवर जायची. ढग असले तर ते सरकेपर्यंत थांबायची. विठोबा त्या वेळी काहीतरी आणायच्या निमित्तानं बाहेर पडायचा आणि परतताना तिला साडी घेऊन यायचा. मी एकदा त्याच्या तोंडावर म्हटलं, "भाऊबिजेची साडी नवऱ्यानं आणायची नसते." तो म्हणाला, "ही माझी साडी. भावाची नाही." सरसक्का साडी घ्यायची, घडी मोडायची नाही. तिच्या ट्रंकेत त्या साड्यांची चळत होती. ती नवऱ्याशी भांडत नसे. साडी न नेसणं हेच तिचं भांडण.

मग एके दिवशी खाणीच्या गावातल्या कोणा बाईचा तिला फोन आला. शंकरचे डोळे गेले. काचबिंदू झाला होता, उशिरा कळलं. सरसक्का माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "अक्का, त्याला मी दिसणार नाही आता. पण मला तो एकदा बघायचाय."

"विठोबाला सांगितलंस?"

"सांगितलं. 'जा' म्हणाले."

"मग जा की."

"'जा' म्हणाले आणि जेवले नाहीत. असा 'जा' घेऊन मी कशी जाऊ?"

आमच्या भजनी मंडळाची सहल चित्रदुर्गाच्या किल्ल्याला निघाली होती. त्या खाणीच्या गावात म्युझियम झालंय हे मला ड्रायव्हरकडून कळलं. खाण बंद पडल्यावर निवृत्त कामगारांनी जुन्या इंजिनघरात सुरू केलेलं. मी ते सहलीत घालायला लावलं. बायका कुरकुरल्या, दगड काय बघायचे म्हणून. मी म्हटलं, किल्ला म्हणजे तरी काय आहे? मग ओट्यावर जाऊन विठोबाला म्हटलं, "तुमच्या खाणीत म्युझियम झालंय. त्या अपघाताबद्दलही लिहिलंय म्हणे."

"काय लिहिणार? खोटंच."

"मग जाऊन तोंडावर सांग. का भितोस?"

"मी भीत नाही. म्युझियम काय शंकरच्या बापाचं आहे?" तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पांढरा शर्ट इस्त्रीला टाकून आला.

किल्ल्यावर मी काही चढले नाही, गुडघे नाहीत. दुपारी आम्ही त्या गावात पोचलो. ओसाड टेकड्या, दारं निघालेली क्वार्टर्स, आणि मधोमध तो लोखंडी मनोरा, ज्यावरून पिंजऱ्याचा दोर खाली जायचा. तांब्याचं गाव म्हणून मला वाटलं होतं निदान हंडे-घागरी तरी दिसतील. दगड होते. पण दगड चांगले होते, मोराच्या मानेसारखे निळे-हिरवे. म्युझियम दाखवायला एक तरतरीत मुलगी होती, तिथल्याच कामगाराची नात. तिनं दाखवलं की राजेरजवाड्यांच्याही आधी लोक इथं दगडाच्या हातोड्यांनी तांबं काढायचे. त्या हातोड्या काचेत ठेवल्या होत्या. पुढं टोप्या, कार्बाइडचे दिवे, हजेरीचे फळे. विठोबा प्रत्येक वस्तूपाशी थांबून तिच्या चुका काढत होता. "हा दिवा उलटा लावलाय." "ही टोपी आमची नाही, साहेबाची." मुलगी वहीत लिहून घेत होती.

मग तो फलक आला. कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. चार नावं, त्यात बाळूचं. वर एक ओळ होती: संकेताच्या चुकीमुळे. विठोबानं ती बोटानं वाचली.

"कोणाच्या चुकीमुळे?" त्यानं मुलीला विचारलं.

"ते लिहिलेलं नाही, अंकल."

"लिहायचं नव्हतं की माहीत नव्हतं?"

मुलगी गडबडली. विषय बदलायचा म्हणून म्हणाली, "ही बघा ना, तीच जुनी घंटा आहे. नंतर विजेची आली, ही गोदामात पडली होती, जशीच्या तशी आणून लावलीय. मुलं ओढतात. तुम्हीही ओढा."

भिंतीतून एक दोरी खाली आली होती. हातोडी आणि पत्रा पलीकडच्या खोलीत, इंजिनाजवळ, पूर्वी होता तिथंच. विठोबानं दोरीला हात लावला, काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा लावला. तीन ओढले.

पलीकडून एक म्हातारा आवाज म्हणाला, "तीन. वर."

मुलगी हसून म्हणाली, "शंकरप्पा. त्यांना दिसत नाही, पण रोज येऊन इंजिनापाशी बसतात. मुलांनी ओढलं की आकडा सांगतात."

सरसक्का मधल्या दारात जाऊन उभी राहिली होती. तिथून तिला इकडचा हातही दिसत होता आणि तिकडची हातोडीही. तिनं भावाला हाक मारली नाही. नवऱ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, हा आता दोरी सोडून बाहेर जाणार. त्यानं जबडा आवळला आणि पुन्हा तीन ओढले, मुद्दाम जोरात.

"तीन. वर."

पुन्हा.

"तीन. वर."

आमच्या मंडळातल्या बायका कंटाळून बाहेर चिंचेखाली गेल्या. विठोबा थांबेना. तो काय सिद्ध करत होता कोण जाणे. मी मोजत होते, माझ्याही अंगात त्याची ती खोड शिरली होती. सातव्या वेळी त्यानं तीन ओढले आणि पलीकडून आवाज आला,

"दोन. खाली."

विठोबा दोरी धरून तसाच राहिला. मग भिंतीला म्हणाला, "मी तीन ओढले."

"मला दोन ऐकू आले," भिंत म्हणाली.

चौकशीत हीच दोन वाक्यं झाली होती. ती तोंडातून गेल्यावर दोघांनाही ते कळलं. पलीकडं बाक सरकल्याचा आवाज झाला.

"दाजी?" शंकर म्हणाला.

बोलली ती सरसक्का, दारातून, भाजीवाल्याशी बोलावं तसं कोरडं. "त्यांनी तीन ओढले, दादा. मी पाहिलं. वाजले दोन. तेही पाहिलं. हातोडी तिसऱ्यांदा वरच अडकून राहिली."

मुलगी म्हणाली, "हो, ती मधूनच एक टोल खाते. तिथं चिठ्ठी लावायची राहूनच गेली."

आम्ही पलीकडं गेलो. शंकर उभा होता, हात पुढं करून, कोणाला लागेल म्हणून बोटं अर्धवट मिटून. विठोबा त्याच्याजवळ गेला नाही. आधी हातोडीपाशी गेला, तिचा खिळा अंगठ्यानं चोळला, अंगठा पाहिला. गंज.

"तेल देत होतास?" त्यानं विचारलं.

"रोज सकाळी," शंकर म्हणाला. "त्या आठवड्यात डबा संपला होता. मागितला होता, आला नव्हता." मग म्हणाला, "चौकशीच्या आदल्या दिवशी आला. चौकशीच्या सकाळी दिलं."

"का?"

"रोज द्यायचो म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं, दाजी."

विठोबानं त्याच्याकडं पाहिलं. त्या माणसाला ते दिसत नव्हतं. "आणि आता देत नाहीस?"

"आता दिसत नाही. कुठं देऊ?"

दोघं म्हातारे तिथं उभे. माझ्या मनात आलं, डोळे असते तर शंकरनं आजही सकाळी तेल दिलं असतं आणि विठोबा आजही खोटाच ठरला असता.

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं," शंकर म्हणाला.

"माझंही नव्हतं," विठोबा म्हणाला.

"मग माझं चुकलं होतं का?" सरसक्कानं विचारलं. "चाळीस वर्षं मी चंद्राला कशासाठी ओवाळलं?"

ती भावाच्या पुढं जाऊन उभी राहिली, त्याचा हात धरून आपल्या तोंडावर ठेवला आणि म्हणाली, "दिवाळीला ताट घेऊन येते. यांना यायचं तर येतील."

"येईन," विठोबा म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

निघताना मुलीनं अभिप्रायाची वही पुढं केली. विठोबानं मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं: तीन ओढले. दोन वाजले. ओढणारा खरा आणि ऐकणारा खरा. खाली सही. मुलीला मराठी वाचता येत नव्हतं, तिनं "थँक्यू अंकल" म्हटलं. फलकावरची ओळ बदलली की नाही मला माहीत नाही. परतीच्या बसमध्ये तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बेंगळूर, सव्वीस माणसं. सरी?" किल्ल्यानं दमलेल्या बायकांनी काही उत्तर दिलं नाही. म्युझियमच्या पायरीवरून शंकर ओरडला, "सरी." मग त्यानं ड्रायव्हरला निघू दिलं.

त्यानंतर तीन भाऊबिजा झाल्या. सरसक्का दर वर्षी ट्रंकेतली एक साडी नेसून गेली. विठोबा बरोबर जायचा तो खिशात तेलाची बारकी बाटली घेऊन. तिसऱ्या दिवाळीनंतर महिन्याभरात शंकर गेला, झोपेत.

विठोबाला मी शेवटचा पाहिला तो दवाखान्यात. त्याला चाकाच्या खाटेवरून लिफ्टमध्ये घातलं होतं. सरसक्का, मी आणि खाट ढकलणारा माणूस. खाटेवाल्याच्या कानात ते गाण्याचं यंत्र होतं. विठोबाच्या नाकाला नळी, तोंडातून शब्द निघत नव्हता, पण दार लागायला आलं तसा त्यानं हात बाहेर काढून दारात घातला. दार उघडलं. पुन्हा लागायला आलं, पुन्हा हात. खाटेवाला वैतागला, "आजोबा, हात आत घ्या." त्याला काय कळणार?

मी म्हटलं, "वर, चार माणसं. सरी, विठोबा."

सरसक्का म्हणाली, "सरी." मी खाटेवाल्याला कोपर मारलं. त्यानं कानातलं काढलं आणि तोही म्हणाला, "सरी."

विठोबानं हात आत घेतला.

त्या पिंजऱ्यातल्या चौघांपैकी कोणी वाचलं नाही. त्या दिवसातून जगले ते तिघं: दोरी ओढणारा, टोल मोजणारा आणि सरसक्का. आता सरसक्का आहे.